सूचना: बोनस आणि पगाराची तारीख

जय ख्रिस्त! भोसरी, चाकण, हडपसर भागातील सर्व उद्योजक सभासदांना स्मरण.

वीस किंवा अधिक कामगार असतील, तर पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के बोनस तोटा झाला तरी द्यावा लागतो. (नव्या कारखान्यांना पहिली पाच वर्षे नियम वेगळा.) मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्यांना कायद्याची मुदत 30 नोव्हेंबर, पण कामगारांच्या घरात पैसे लागतात ते दिवाळीआधी. आपला सण नाताळ म्हणून त्यांना थांबवू नका.

पगार 7 तारखेच्या आत. तो अडतो बहुधा मालकाचा घरखर्च कंपनीच्या खात्यातून चालतो म्हणून. पार्टीचे (माल घेणाऱ्या ग्राहकाचे) पेमेंट लांबले की पहिला हात पगाराच्या पैशाला लागतो. मुलगा, सून, भाऊ, काम करणाऱ्या प्रत्येकाचा पगार ठरवा आणि तेवढाच उचला. एका महिन्याच्या एकूण पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. तिथे दोन सह्या हव्यात, एक घराबाहेरच्या विश्वासू माणसाची.

मजुरी रात्रभरही अडवू नये, असे बायबलमधील लेवीय 19:13 सांगते. तरीही उशीर होणारच असेल, तर मालकाने स्वतः शॉपफ्लोअरवर जाऊन नक्की तारीख सांगावी. अकाउंटंटकडून निरोप नको.