पाण्यात उभा राहणारा गुलाब

प्रयाग चिखली,
ता. करवीर, जि. कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

लेका, माझ्या मळ्यातल्या रानगुलाबाचं ऐकून फोनवर तू खदाखदा हसलास म्हणून हे पत्र. "पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, त्याला गुलाब म्हणायचं?" म्हणालास. म्हणायचं.

२०१९ चा पूर आठवतोय ना? पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर. आम्ही सगळे गाव सोडून सोनतळीत. परत आलो तेव्हा मळ्यातली डच गुलाबाची झाडं उभी दिसत होती, पण हात लावला की बूड हातात यायचं. काळ्या रानात पाणी साचलं की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, मग कुजतात. पुन्हा कलमं आणली, २०२१ ला तीही गेली. त्यानंतर गुलाबाचं नाव काढलं की आई उठून आत जायची.

मग वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्यानं बंगालकडून आठ काड्या आणून दिल्या. रोझा क्लिनोफिला, आपल्या देशातला रानगुलाब. बंगाल-बिहारकडं नदीकाठी, दलदलीत वाढतो. थंडीतला नव्हे, उन्हातला आणि पाण्यातला. बहुतेक बागेतल्या गुलाबांचे पूर्वज थंड मुलखातले, म्हणून कोडाईकनालच्या वीरराघवन यांनी उष्ण हवेत टिकणारे गुलाब घडवायला हाच रानगुलाब संकरासाठी घेतला. त्यांच्या एका जातीचं नावच 'गँजेस मिस्ट', म्हणजे गंगेवरचं धुकं!

काड्या पेन्सिलीएवढ्या जाड, चार-चार डोळ्यांच्या. खालचा काप तिरका. निम्मी वाळू, निम्मी पोयट्याची माती, दोन डोळे आत, दोन वर, आणि गोठ्याच्या सावलीत पिशव्या. दिवाळीनंतर लावल्या, दीड महिन्यानं पाच जगल्या. (तीन माझ्या घाईनं मेल्या. मुळं आली का म्हणून उपसून बघत होतो.) स्वतःच्याच मुळावर वाढतो, त्यामुळं डोळा भरलेल्या कलमासारखं खुंटाचे, म्हणजे खालच्या दुसऱ्या झाडाचे, फुटवे काढत बसायला नको. छाटणीही कचाकच करत नाही, वाळकं तेवढं काढतो. एक सांगून ठेवतो, कुंडीत बिचारा वाटतो. झुडूप ऐसपैस पसरतं आणि पानाच्या बुडाशी काटे जोडीजोडीनं. बांधाला लावल्यापासून शेजाऱ्याची म्हैस त्या बाजूनं फिरकली नाही.

गेल्या पावसाळ्यात मळ्यात आठ दिवस पाणी होतं. शेंडे तेवढे वर. ओसरल्यावर पानापानावर गाळ, झाड म्हणावं की चिखलाचा गोळा! मी तर कुदळ घेऊनच गेलो होतो. पंधरवड्यात बुडापासून तांबूस कोंब आले. शेजारी हौसेनं लावलेला तीन कलमांचा वाफा मात्र साफ गेला.

आणि परवा, होळीच्या तोंडावर, पहिली फुलं. मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. वास आहे, पण नाक जवळ न्यावं लागतं. पाकळ्या दोन दिवसात गळतात, हार-गुच्छाला काही कामाचं नाही. आई बघून म्हणाली, "एवढ्या काट्याला एवढंसंच फूल व्हय?" पण एक खुडून देवापुढं ठेवलं तिनंच.

फळं धरली तर त्यावर लव असते म्हणे, बघू. बिया तुला ठेवतो, पण काडीच नेलेली बरी. दिवाळीला येशील तेव्हा ओलं गोणपाट घेऊन ये, पुण्यापर्यंत सुकायला नको. आणि जाड हातमोजे. माझे फाटलेत.

तुझाच,
बाळू

ता. क. म्हैसवाल्यानं पण दोन काड्या मागितल्यात.