‘चाक तुम्हीच फिरवून बघा’ म्हणणाऱ्या मिस्त्री काकांना

पावणे एमआयडीसीतल्या मिस्त्री काकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. आमच्या ट्रेनिंगच्या गाडीचा ब्रेक तुम्ही नीट केलात, त्याचे पैसे तुम्ही सांगितले, आम्ही दिले, तो हिशेब मिटला. हे पत्र त्या दिवशी गाडीसोबत आलेल्या आमच्या विद्यार्थिनीशी तुम्ही जे बोललात त्यासाठी आहे. ते अजून मनातून जात नाही.

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला डबल कंट्रोल लागतोच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या २४व्या नियमात तशी अटच आहे, की शिकवणाऱ्याला गाडी आवरता आणि थांबवता आली पाहिजे. शोरूममधून गाडी तशी मिळत नाही, किट बाहेरून बसवून घ्यावं लागतं. शिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची दोन जादा पेडलं, आणि तिथून चालकाच्या पेडलांपर्यंत केबल किंवा सळी. काम सोपं दिसतं, म्हणूनच ते घाईत उरकलं जातं. आमच्या गाडीत ज्यांनी किट बसवलं त्यांनी ब्रेकची केबल ताणून बांधली. पाय काढला तरी चालकाचं पेडल जेमतेम दोन मिलिमीटर दाबलेलंच राहायचं.

दोन मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाहीत. पण पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला तरच आतलं एक बारीक भोक उघडं पडतं आणि तापून फुगलेलं ब्रेक ऑइल त्यातून वरच्या टाकीत परत जातं. पेडल किंचित दाबलेलं राहिलं की ते भोक झाकलेलंच राहतं. मग तापलेल्या ऑइलला जायला वाट नाही. दाब अडकतो, ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासत राहतात, घासून आणखी तापतात, आणि दाब आणखी चढतो. म्हणूनच आमची गाडी पहिल्या क्लासला उत्तम चालायची, सीवूड्सच्या आतल्या रस्त्यांवर थोडा वेळ फिरली की जड व्हायची, आणि हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा सोडून गाडी चढावर उचलणं, शिकवायला बेलापूरला पारसिक हिलच्या चढावर नेली की जागची हलायची नाही. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, आणि धप्प, इंजिन बंद. अर्धा तास उभी ठेवली की सगळं निवून गाडी पुन्हा मोकळी. गॅरेजच्या रांगेत उभी राहिली की तेच व्हायचं. तपासायला कोणी हात लावेपर्यंत तिच्यात दोष उरलेलाच नसायचा.

आधीच्या गॅरेजांबद्दल लिहायचं तर मन कडू होतं. एका ठिकाणी पॅड नवे घातले, पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं आणि मास्टर सिलिंडर बदलायचं कोटेशन हातात दिलं. गाडी गरम करून बघायची तसदी कोणी घेतली नाही. त्याहून जिव्हारी लागलं ते एक वाक्य, ‘ट्रेनिंगची गाडी म्हटली की असंच असतं, शिकाऊ लोक ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात.’ हे त्या विद्यार्थिनी ताईंच्या समोर म्हटलं गेलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. पन्नाशीनंतर गाडी शिकायचं धाडस करून आलेल्या बाईला हे ऐकवायचं, आणि तेही एकदाही पेडलखाली न वाकता!

दुसऱ्या ठिकाणी तर त्याहून वाईट काम झालं. पाय काढला तरी मागचा ब्रेक लाइट पेटलेलाच राहतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. पेडल पूर्ण वर येत नाहीये, हेच तो लाइट सांगत होता. त्यांनी काय केलं, तर पेडल वर आलं की दाबला जाऊन लाइट विझवणारा ब्रेकचा स्विच आट्यांवर पेडलकडे पुढे फिरवला, लाइट विझला, आणि काम झालं म्हणून गाडी परत दिली. गाडीत खरं सांगणारा एकच साक्षीदार होता, त्यालाच गप्प केलं. पुढे कोणीतरी केबल सैल करून पाहिली. ब्रेक तरीही पकडत राहिला, कारण आता पेडलला वर यायला पुढे सरकलेला स्विचच आडवा येत होता. त्यावरून निष्कर्ष निघाला की डबल कंट्रोलचा काही संबंध नाही. शिवाय केबल इतकी सैल झाली होती की शिक्षकाचं पेडल जमिनीला टेकेपर्यंत ब्रेक लागतच नव्हता. म्हणजे चालकाचा ब्रेक सुटेना आणि शिक्षकाचा लागेना. अशी गाडी शिकाऊ माणसाच्या हाती द्यायची असते का?

काका, तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तोच वेगळा होता, ‘बाहेरून काय काय बसवलंय, आणि हे त्याच्या आधीपासून आहे की नंतरचं?’ मग गाडी जड होईपर्यंत फिरवून आणायला सांगितलीत आणि गरम असतानाच स्टँडवर घेतलीत. पुढची दोन्ही चाकं सारखीच घट्ट. तुम्ही लगेच म्हणालात, ‘दोन्ही सारखी आहेत, म्हणजे दोष चाकाशी नाही, वर आहे.’ ते अगदी खरं होतं. या गाडीत ब्रेकच्या दोन लाइनी तिरक्या विभागलेल्या आहेत, पुढचं डावं चाक एका लाइनवर आणि पुढचं उजवं दुसऱ्या. एखादा कॅलिपर किंवा होजपाइप धरला असता तर एकच चाक जाम झालं असतं. मागच्या ड्रमला शू ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे तिथे थोडा दाब राहिला तरी पटकन जाणवत नाही, पुढे डिस्कवर आधी कळतं.

आणि मग तुम्ही दाराशी उभ्या असलेल्या ताईंना हाक मारलीत.

‘ताई, या इकडे. चाक तुम्हीच फिरवून बघा. टायरला धरा, रिमला हात लावू नका, पोळेल.’

त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हलेना. तुम्ही कॅलिपरच्या निपलवर, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या तोटीवर, नळी चढवली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं, आणि पान्यानं निपल अर्धा आटा सैल केला. बाटलीत ऑइलची एक छोटी पिचकारी उडाली. ‘आता फिरवा.’ चाक एका हाताच्या ढकलीनं सुटलं आणि फिरत राहिलं. तुम्ही निपल परत आवळलंत, हात पुसलेत आणि त्यांच्याकडे बघून म्हणालात, ‘चढावर गाडी बंद पडायची ना तुमच्या हातून? हे एवढं ओझं ओढायला तुम्ही क्लच कितीही हळू सोडला असता तरी बंदच पडली असती. तुमचा पाय बरोबर होता.’

काका, या शेवटच्या चार शब्दांसाठी हे पत्र आहे.

शिकायला आलेल्या माणसाला गाडीच्या आतलं काही ठाऊक नसतं. त्यामुळे गाडी बंद पडली की चूक आपलीच, असं तो धरूनच चालतो. मागून हॉर्न वाजले की ते त्यालाच वाजतात. पाम बीच रोडच्या सिग्नलला दोनदा गाडी बंद पडलेली बाई घरी जाऊन सांगते, ‘मला नाही जमायचं,’ आणि घरातलेही ‘राहू दे मग’ म्हणून मोकळे होतात. अशी किती माणसं शिकणं अर्धवट टाकून जातात, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत दोष गाडीचा असतो. शिक्षकानं कितीही समजावलं तरी ते त्यांना धीर दिल्यासारखं वाटतं, पटत नाही. तुम्ही समजावत बसला नाहीत, चाक हातात दिलंत. बिल त्यांच्या नावावर नव्हतं, त्या तुमच्या गिऱ्हाईकही नव्हत्या. तरीही तुम्ही हातातलं काम थांबवून त्यांच्याशी बोललात. हुशार मेकॅनिक बरेच भेटतात. पण आपल्याला कळलेलं खरं, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही अशा माणसाला थांबून, आदरानं सांगणारा माणूस विरळा. आपल्याकडे ‘भला माणूस’ म्हणतात तो असाच असतो. तो मोठं काही करत नाही, समोरच्याची मान विनाकारण खाली जाऊ देत नाही एवढंच.

पुढचं काम इथे सविस्तर लिहीत नाही, पण इतर स्कूलवाले वाचतील म्हणून थोडं सांगते. तुम्ही पेडल पुन्हा दाबून चाकं घट्ट केलीत आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवरचे मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन-तीन मिलिमीटर सैल केलेत, तशी दोन्ही चाकं एकदम सुटली. म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक होता, मागून त्याला काहीतरी ढकलून धरत होतं. ज्याचं कोटेशन आम्हाला मिळालं होतं तोच हा भाग. नट परत आवळून मग तुम्ही टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे झालात. स्विचच्या आट्यांवर धूळ नव्हती, स्विच जागी पक्का धरणाऱ्या चेक नटवर पान्याचे ताजे ओरखडे होते. ‘याला कोणीतरी हात लावलाय,’ एवढंच म्हणालात, कोणाचं नाव घेतलं नाहीत.

क्रम तुम्ही सांगितलात तो महत्त्वाचा. आधी डबल कंट्रोलची केबल पेडलपासून पूर्ण सोडवायची. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल बोटानं दाबून बघायचं, जोर लागायच्या आधी काही मिलिमीटर मोकळी चाल मिळालीच पाहिजे. नक्की किती, ते त्या गाडीच्या पुस्तकात असतं. ती मिळेपर्यंत स्विच मागे घ्यायचा, पेडल सोडल्यावर लाइट विझतो का ते बघायचं आणि चेक नट आवळायचा. हे झाल्यावरच केबल जोडायची. केबल आधी आणि स्विच नंतर केला तर एकाची चूक दुसऱ्यात लपते, आमच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. (नव्या बऱ्याच गाड्यांत स्विच आट्यांचा नसून खटक्यानं बसणारा असतो, त्याची पद्धत वेगळी.)

केबलचंही तुम्ही नीट दाखवलंत. जाड मॅटच्या कडेखाली तिचं आवरण चेपलं होतं आणि तिथेच काटकोनात वळलं होतं, त्यामुळे आतली तार ओढली जायची पण परत यायला अडखळायची. शिक्षकाच्या पेडलची स्प्रिंग इतकी लेची झाली होती की पेडलचं स्वतःचं वजनच तार ओढत होतं. तुम्ही केबल मॅटच्या बाहेरून मोठ्या वळणानं नेलीत, स्प्रिंग बदललीत आणि ताण असा ठेवलात की शिक्षकाच्या पेडलला थोडी मोकळी चाल राहील आणि अर्ध्या दाबात ब्रेक पक्का लागेल. मग चारही चाकं उचलून, दोन्हीकडची पेडलं आळीपाळीनं दाबून-सोडून प्रत्येक चाक हातानं फिरवून दाखवलंत. किट बसवून देणाऱ्या प्रत्येकानं गाडी ताब्यात देताना एवढं करावं. जॅक आणि पाच मिनिटं लागतात, आणि त्यावर शिकणाऱ्याचा आणि रस्त्यावरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

ब्रेक ऑइल मात्र तुम्ही बदलायलाच लावलंत, ते बरोबर होतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घासून लालबुंद झालेल्या डिस्कजवळ ते उकळलं तर पेडल थेट जमिनीला जातं. पॅडची जाडी मोजलीत, वरची चकाकी पॉलिशपेपरनं घासून काढलीत आणि ‘हे चालतील, नवे कशाला?’ म्हणालात. जे बदलायची गरज नव्हती ते तुम्ही बदललं नाहीत.

तुम्ही सांगितलेली रोजची तपासणी आता आमच्याकडे सकाळी पहिल्या क्लासच्या आधी होते. एकानं गाडीमागे उभं राहून पाय काढल्यावर ब्रेक लाइट विझतो का ते बघायचं, शिक्षकाचं पेडल हातानं हलवून मोकळी चाल बघायची, आणि क्लास संपल्यावर हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडून गाडी आपोआप घरंगळते का ते बघायचं. चाकाशी जळका वास आला किंवा एकाच रिमची धग जास्त लागली, तर पुढचा क्लास रद्द. ही तपासणी शिकणाऱ्यांकडूनच करून घेतो, त्या ताईंपासून सुरुवात केली.

आमच्या दुसऱ्या गाडीला केबलऐवजी सळीचं किट आहे आणि तिच्या जोडात अलीकडे खडखड वाढली आहे. पेडल परत येतंय, लाइटही विझतोय, पण जोडाची पिन झिजली असावी असं वाटतं. या आठवड्यात तुम्हाला सवड असेल त्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येते, गरम करूनच आणते.

तुमची कृतज्ञ,
नेरूळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधली शिक्षिका