आधी हँगर, मग बाकीचं

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तिकिटं झाली, आल्प्सचं ठरलं, आता कुठल्या दिवशी कुठला घाट यावर तुझी खलबतं चालू असणार. त्यात मी पडत नाही. सायकल खोक्यातून विमानाने धड पोचावी आणि पहिल्या सकाळी गिअर नीट पडावेत, एवढ्यासाठी हे पत्र. फोनवर सांगितलेलं तू 'हो हो' म्हणून सोडून देतोस, म्हणून लिहून पाठवते.

विमानात फ्रेम मोडणं तसं क्वचित. वाकतं ते बोटाएवढं काहीतरी. त्यात पहिला नंबर मागच्या डिरेलरच्या हँगरचा. डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आणि हँगर म्हणजे तो फ्रेमला टांगणारा छोटा तुकडा. तो मऊ अ‍ॅल्युमिनियमचा मुद्दामच करतात. धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, एवढंच त्याचं काम. पण तो दोन-तीन मिलिमीटर जरी आत गेला तरी चेन मधल्या चकत्यांवर उड्या मारायला लागते, आणि चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलंस तर डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये अडकू शकतो. तिथे मग हँगर, डिरेलर आणि चाक तिन्ही एकदमच जातात. म्हणून डिरेलर फ्रेमवर ठेवून खोकं बंद करायचं नाही. ५ मिमीच्या अ‍ॅलन कीने त्याचा एक बोल्ट सोडव, जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळ आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला पट्टीने बांध. केबल किंवा चेन काढायची गरज नाही.

परत लावताना घाई केलीस तर मात्र हाच बोल्ट तुझी सुट्टी खाईल. हँगरचे आटे मऊ असतात. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरव. अडकलं तर मागे घे, जोर लावू नकोस. डिरेलरला मागे एक छोटा दात असतो, तो हँगरच्या खाचेच्या मागे बसला पाहिजे. पुढे राहिला तर बोल्ट आवळला जातो, पण गिअर काही केल्या जुळत नाहीत, आणि माणूस उगाच केबलचा स्क्रू पिळत बसतो. एक हँगर जास्तीचा घे. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे परक्या गावात ऐनवेळी तुझाच मिळेल याची खात्री नाही. निघायच्या आधी तो एकदा लावून बघ. पाकिटावरचं नाव बरोबर आणि आतला भाग भलताच, असंही होतं.

आता सुटं करायचा क्रम. सगळ्यात आधी, अजून एकही बोल्ट हलवला नसताना, सीटपोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे काळ्या टेपचा एक वेढा घाल, आणि क्रँकच्या (पेडल ज्या दांड्याला असतं तो) फिरत्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं माप फोनमध्ये लिहून ठेव. हँडलच्या कोनाचा बाजूने एक फोटो काढ. पाच मिलिमीटरचा फरक सपाट रस्त्यावर कळत नाही, दीड तासाच्या चढावर गुडघ्याला बरोबर कळतो.

मग पेडलं. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे तुला माहीत आहे, तरी दरवेळी गोंधळ होतोच. सोपी खूण अशी: पान्याचा दांडा वरच्या दिशेला उभा लाव आणि मागच्या चाकाकडे ओढ. दोन्ही बाजूंची पेडलं तशीच सुटतात. त्याआधी चेन पुढच्या मोठ्या चकतीवर टाकून ठेव, नाहीतर पाना सटकला की हाताची सालटं त्या दातांवर निघतात. पेडल घट्ट बसलं असेल तर ते घरीच कळू दे. आठवडाभर आधी दोन्ही सोडवून, आटे पुसून, ग्रीस लावून परत बसव.

चाकं काढलीस की ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चकती घाल, नसेल तर दुमडलेलं जाड पुठ्ठं चालेल. हे विसरलास आणि सामान टाकताना ब्रेकचा दांडा दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, आत जातच नाही. तसं झालंच तर टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने पॅड हळूहळू मागे ढकल. स्क्रूड्रायव्हर घालू नकोस, पॅड नाहीतर पिस्टन दोन्हीपैकी काहीतरी तडकतं. रोटर चाकावरून काढून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेव, खोकं चाकाच्या बाजूवर आपटलं की पहिला मार त्यांनाच बसतो. त्यांना ग्रीसचा हात मात्र लागू देऊ नकोस. तेल लागलेला पॅड घाटात किंचाळतो आणि धरत नाही.

फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि मागच्या त्रिकोणाच्या दोन टोकांमध्ये आधार हवाच. दुकानात नव्या सायकलींच्या खोक्यातून निघालेले प्लास्टिकचे तुकडे पडून असतात, मागितले तर फुकट देतात. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकाचा आरपार जाणारा आस) त्यातूनच घालून ठेव, म्हणजे तो हरवतही नाही.

हँडलसाठी दोन रस्ते आहेत. स्टेमची (हँडल धरणारा तुकडा) पुढची चार बोल्टांची पट्टी काढून हँडल फ्रेमच्या नळीला समांतर बांधायचं, हा बरा. पूर्ण स्टेमच काढलास तर फोर्क खाली निसटतो आणि बेअरिंगच्या कड्या गोंधळतात, म्हणून स्टेमच्या जागी रिंगा घालून वरचं झाकण परत लावून ठेव. जोडताना इथला क्रम चुकवू नकोस. आधी वरचं झाकण, खेळ जाईपर्यंतच. मग हँडल चाकाशी सरळ. मग स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे, साधारण ५ न्यूटन-मीटर, पण स्टेमवर आकडा छापलेला असतो तोच खरा. झाकण फक्त ढिलाई काढतं, फोर्क धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. म्हणून ते आवळल्यानंतर झाकण कितीही पिळलंस तरी खडखड जात नाही. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलव. हँडलच्या मुळाशी 'टक' असा आवाज आला तर पुन्हा पहिल्यापासून.

टायरमधली हवा निम्म्याहून जास्त सोड, पण पूर्ण नको. काउंटरवर कुणी सगळी काढा म्हणालं तर वाद घालत बसू नकोस, पण टायर फुटेल ही भीती फोल आहे: सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो. थोडी हवा रिमला गादीसारखी उपयोगी पडते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर पूर्ण सोडल्यावर टायरची कड सुटून आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, खोक्यात सांडतं, आणि ते वाळलं की कशाकशाला चिकटेल सांगता येत नाही.

खोक्यात काय घालायचं नाही तेही ऐक. डिग्रीझरचा फवारा आणि टायर फुगवायच्या गॅसच्या छोट्या नळकांड्या घरीच ठेव. नळकांड्यांना विमान कंपनीची परवानगी लागते आणि तपासणीच्या वेळी त्यावरून खोकं उघडलं जातं, त्यापेक्षा हातपंप ने. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेत, टोकांवर टेप लावून. अवजारं मात्र सगळी खोक्यात. हेल्मेट, बूट, पेडलं आणि एक जोड कपडे हाताशी ठेव. खोकं दोन दिवस उशिरा आलं तर भाड्याच्या सायकलवर तरी निघता येईल.

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २३ किलो असते, आणि ३२ च्या वर एक नग सहसा घेतच नाहीत. सायकल साडेआठ किलो धरली आणि कडक केस अकराची, तर उरतात साडेतीन. त्यात बूट आणि अवजारं टाकून मोकळा झालास की संपलं. पुठ्ठ्याचं खोकं खूप हलकं पडतं, पण पावसात भिजलं की त्याची पापडी होते. तू एकाच गावात राहणार आहेस, म्हणून माझं मत कडक केसला. सायकलची नोंदणी तिकिटाबरोबरच कर. काही विमानांत ठरावीक संख्येनेच सायकली घेतात आणि काउंटरवर पैसे देऊनही जागा होत नाही.

उतरल्यावर खोकं नेहमीच्या पट्ट्यावर शोधत बसू नकोस, मोठ्या सामानाची खिडकी वेगळी असते. तिथेच उघडून बघ. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी नुकसानीचा अहवाल लिहून घे आणि त्याची प्रत ठेव. विमान प्रवासाच्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आणि तुझी सायकल त्याहून महाग आहे. म्हणजे वेगळा विमा घ्यायचाच. बंद करण्याआधी आतले फोटो, फ्रेमच्या नंबरचा फोटो आणि बिलाची प्रत फोनमध्ये असू दे. परत येताना कस्टम्सलाही तेच दाखवता येतं.

घाटांबद्दल बोलणार नव्हते, पण गिअरचं राहवत नाही. मागे २८ दातांची चकती घेऊन जाऊ नकोस. पुढे ३४ आणि मागे २८ ठेवून मिनिटाला ६० फेरे मारलेस की वेग साधारण ९ किमी येतो, आणि ८ टक्क्यांच्या चढावर सायकलसकट ८० किलोला १६० वॅटच्या वर ताकद लागते. मागे ३४ असेल तर त्याच फेऱ्यांत साडेसात किमी आणि १४० च्या आसपास. आल्प द्युएझच्या घाटाची २१ वळणं म्हणजे जवळपास १४ किमी सलग तेवढाच चढ आहे, तिथे हा फरक फार मोठा. फक्त कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदललंस तर चेनही लांब लागते, आणि तुझा डिरेलर ३४ घेतो का ते आधी बघ. निघायच्या आदल्या रात्री हे करू नकोस, पंधरा दिवस आधी करून चालवून बघ.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नकोस, तापून त्यांची पकड जाते. वळणाच्या आधी जोरात दाब, मग पूर्ण सोड. आणि वर थांबलास की लगेच वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाल. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. वालुआर गावात उकडत असलं तरी २,६४२ मीटरच्या गालिबिए घाटमाथ्यावर आठेक अंशांनी थंड असेल, त्यात घामेजलेले कपडे आणि समोरून येणारा वारा. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबवत नाही. बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा कायम लावलेला असू दे. अडचणीचा नंबर ११२.

टेपचा रोल, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि ते प्लास्टिकचे तुकडे हॉटेलच्या कचऱ्यात टाकू नकोस, परतीलाही तेवढेच लागतात.

तुझी,
आई

ता. क. भाड्याची सायकल घ्यावी लागली तर पहिल्यांदा उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक दाबून बघ. तिकडे पुढचा ब्रेक बहुतेक डाव्या हाताला असतो, तुझ्या सायकलला तो उजव्या हाताला आहे.