अण्णांच्या फोनचं अपडेट

कोल्हापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय भावा,

परवा तुझा मेसेज आला. अँड्रॉइड १६ चं अपडेट महिनाभर स्क्रीनवर येतंय आणि तू रोज 'नंतर' दाबतोयस. फोन जड होतो म्हणतात, बॅटरी उतरते म्हणतात, टाकू का नको? 'टाक' एवढं एका शब्दात कळवता आलं असतं. पण या विषयावर तुझ्याशी नीट बोलायचं मनात कधीचं होतं, म्हणून पत्रच लिहायला बसलो. सकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध पिऊन आलोय, रविवार आहे, घरात अजून शांतता आहे.

मार्चमध्ये अण्णांचे पैसे गेले, हे तुला फोनवर तुटक सांगितलं होतं. तेव्हा सगळं सांगवलं नाही. आज सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

संध्याकाळी सातच्या सुमारास अण्णांना मेसेज आला, की लाइट बिल भरल्याची नोंद नाही, रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार, खालच्या नंबरवर साहेबांशी बोला. बिल भरलेलं होतं, पावती कपाटात होती. तरी अण्णांनी फोन लावला, कारण आईला तेव्हा ताप होता आणि रात्री लाइट गेली तर कसं, ही काळजी. पलीकडच्या माणसानं व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली आणि ती उघडायला लावली. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का? तो म्हणाला, "ओके दाबा काका, सगळ्यांनाच विचारतंय." मग सेटिंगमध्ये नेऊन अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायला लावली. मग म्हणाला, दहा रुपये भरून बघा, नोंद झाली की झालं. अण्णांनी दहा रुपये भरले. पुढच्या काही मिनिटांत तीन वेळा मिळून ४१ हजार गेले.

साडेआठला मी घरी आलो तेव्हा अण्णा फोन पालथा ठेवून बसले होते. "आरं, माणूस लई अदबीनं बोलत होता," एवढंच म्हणाले. आम्ही १९३० वर, ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, रात्रीच तक्रार नोंदवली. १३ हजार वाटेत अडवले गेले, ते पुढे परत मिळाले. बाकीचे गेले.

पैशांचं दुःख ओसरलं. पण या माणसानं पस्तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानाची कीर्द-खतावणी लिहिलीय. एका पैशाचा फरक आला तर रात्री दहापर्यंत बसून तो शोधणारा माणूस. त्यानं नंतर सहा महिने फोन उचलणंच सोडलं. दूध, औषध, भाजी, सगळ्याला आईकडून रोख पैसे मागून न्यायचे. ते बघवत नव्हतं.

त्यांचा जुना फोन अँड्रॉइड ११ वर अडकलेला होता. कंपनीनं दोन वर्षांनी अपडेट देणं थांबवलं आणि आम्हीही कधी चौकशी केली नाही. फोन लागतोय, व्हॉट्सॲप चालतंय, मग अडचण काय, असंच वाटायचं. दसऱ्याला त्यांना नवा फोन घेतला आणि दिवाळी झाल्यावर त्यावर १६ आलं. आत काय बदललंय हे मी तेव्हा पहिल्यांदा बारकाईनं वाचलं. वाचता वाचता अंगावर काटा आला. चोर ज्या ज्या फटीतून आत आला होता, त्या एकेक करून बुजवलेल्या होत्या. काही आमच्या चोरीच्या आधीच. आमच्या फोनपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या, एवढंच.

सगळा घोळ त्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या परवानगीत आहे, म्हणून ती आधी समजून घे. ती मुळात ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत अशा लोकांसाठी आहे. अंध माणसाला स्क्रीन वाचून दाखवायची तर त्या ॲपला स्क्रीनवरचं सगळं दिसलं पाहिजे, आणि त्याच्या वतीनं बटण दाबता आलं पाहिजे. हेच दोन अधिकार चोराच्या ॲपला मिळाले, की तुमचा फोन तुमच्या हातात असून त्याच्या हातात. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही, ते बटणच फिकट दिसतं. पण मागच्या दारानं ते सुरू करता येतं, आणि फोनवर बोलणारा माणूस नेमकं ते मागचं दार दाखवतो. १६ मध्ये त्यावर इलाज केलाय. कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्या नंबरशी बोलणं सुरू असेल, तर तेवढ्या वेळात ही परवानगी देताच येत नाही. पहिल्यांदाच बाहेरचं ॲप टाकू लागलास किंवा प्ले प्रोटेक्टची, म्हणजे ॲप तपासणाऱ्या गुगलच्या सोयीची, राखण बंद करायला गेलास, तरी कॉल सुरू असताना फोन अडवतो.

भावा, ज्यानं कुणी हे सुचवलं असेल त्याला माणसं कळतात. फसवणारा फोन ठेवू देत नाही. घाई करतो, विचार करायला मोकळं सोडत नाही. आता त्याला पुढं सरकायचं तर आधी फोन ठेवावा लागतो. आणि एकदा फोन ठेवला की माणूस स्वयंपाकघरात जातो, बायकोला विचारतो, कपाटातली पावती काढून बघतो. अण्णांना त्या रात्री तेवढी दोन मिनिटं मिळाली असती तर!

ओटीपीचंही तसंच. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून, नोटिफिकेशन वाचायची परवानगी असलेल्या भलत्या ॲपला त्यातला ओटीपी दिसत नाही. कुणाला स्क्रीन शेअर केलीस तरी आलेल्या नोटिफिकेशनचा मजकूर समोरच्यापासून झाकला जातो. अर्थात आपणच आकडे वाचून दाखवले तर कुठलंही अपडेट उपयोगाचं नाही. ते मी अण्णांना सांगितलं, आणि काकूंनाही सांगणार आहे.

नुसत्या वाचनावर माझा विश्वास बसेना. शेजारच्या पोराचा नंबर अण्णांकडे सेव्ह नव्हता. त्याच्या फोनवरून मी जिन्यातून अण्णांना कॉल केला आणि त्या चोरासारखंच एकेक पाऊल सांगत गेलो. अण्णा सेटिंगमध्ये गेले, परवानगीचं बटण दाबलं, आणि फोननं नकार दिला. त्यांनी तो इशारा मला मोठ्यानं वाचून दाखवला. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून म्हणाले, "चल, आज दुधाचे पैसे मी फोनवरनं देतो." मला दुसरं काही नको होतं.

आता बाकीचं. १६ मधली ज्याची जाहिरात जास्त होते ती गोष्ट म्हणजे चालू असलेल्या कामाची खबर. मागवलेली रिक्षा किंवा जेवण कुठवर आलं, ते एकाच नोटिफिकेशनमध्ये सरकत्या पट्टीसारखं दिसतं. एका ॲपच्या दहा नोटिफिकेशन आल्या तर त्यांची आपोआप एक गठडी होते. बरं आहे, वापरशील.

काकूंसाठी मात्र एक चांगली सोय आलीय. कानाचं यंत्र नव्या प्रकारच्या ब्लूटूथचं, एलई ऑडिओवालं असेल, तर कॉलवर बोलताना यंत्राच्या माइकऐवजी फोनचा माइक वापरता येतो. बाजारात, लग्नाच्या मांडवात त्यांचं बोलणं तुला नीट ऐकू येईल. आजूबाजूचा आवाज किती आत घ्यायचा, तेही फोनवरूनच ठरवता येतं. त्यांचं यंत्र त्यातलं आहे का, ते जिथून घेतलं तिथं मी विचारून येतो.

आणि अक्षरं. हे १६ चं नाही, २०२३ च्या अँड्रॉइड १४ चं, पण जुन्या फोनवरून येणाऱ्याला नवंच. अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं, आणि मुळात मोठी असलेली शीर्षकं त्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे पान फाटल्यासारखं दिसत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला याचं महत्त्व कमी वाटेल. आपल्या लिपीत वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. बारीक अक्षरात अण्णांना 'दिन' आणि 'दीन' सारखंच दिसायचं. शिवाय १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, ॲपवाल्यांनी सोय केली असेल तर. अण्णांचा सगळा फोन मराठीत आहे, फक्त एक ॲप त्यांनी हट्टानं इंग्रजीत ठेवलंय, कारण त्यातलं मराठी त्यांना पटत नाही.

फोन चोरीचं तू विचारलं नाहीस, पण तुझा रोजचा प्रवास बघता सांगतो. हातातला फोन हिसकावून कुणी पळालं किंवा गाडीवरून सुसाट गेलं, तर त्या हिसक्यावरून आणि वेगावरून फोन ओळखतो आणि स्क्रीन कुलूपबंद करतो. ही सोय अँड्रॉइड १० पासूनच्या फोनांना मिळालीय, मात्र सेटिंगमध्ये जाऊन सुरू केलेली आहे का ते बघ. महाद्वार रोडच्या गर्दीत खिशातून कुणी अलगद काढला, तर ते त्याला कळणार नाही. तिथे दुसरं कुलूप उपयोगी पडतं. चोरानं नेट बंद करून ठेवलं, तर काही वेळानं स्क्रीन आपोआप लॉक होते.

अजून एक, आणि हे आपल्या भागासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अण्णांना अजून आठवतो. बारा वर्षांचे होते. फळीवरची भांडी धडाधड खाली आली आणि आजीनं त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात नेलं. तेव्हा आधी कळायची काही सोयच नव्हती. सप्टेंबर २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा येतो, अँड्रॉइड ५ आणि त्यापुढच्या सगळ्या फोनांवर. फोन आडवा केला की चित्र फिरवणारा जो सेन्सर आहे ना, तोच जमिनीची थरथर टिपतो. एका भागातले पुष्कळ फोन एकाच वेळी हलले, की सर्व्हरला कळतं, आणि धक्का पोचण्याआधी पुढच्या गावांना इशारा जातो, कारण नेटवरचा संदेश जमिनीतल्या लाटेपेक्षा कितीतरी वेगानं धावतो. अगदी केंद्राजवळ असलेल्यांना वेळ मिळत नाही. कोयनेपासून कोल्हापूरच्या अंतरावर काही सेकंद मिळू शकतात. तेवढ्यात पोराला पलंगाखाली ढकलता येतं. लोकेशन आणि भूकंपाचे अलर्ट, दोन्ही सुरू ठेव.

आता तुझी शंका. अपडेट झाल्यावर एक-दोन दिवस फोन जरा गरम लागेल, बॅटरी लवकर उतरेल. आत सगळ्या ॲपची नव्यानं जुळणी चाललेली असते. माझा तिसऱ्या दिवशी पूर्ववत झाला. मध्येच बंद पडून फोन कायमचा जाईल ही भीती जुन्या काळातली. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनांत सिस्टिमसाठी दोन जागा ठेवायची पद्धत आली. एका जागेवर तू काम करत असतोस, दुसऱ्या जागेवर नवं भरलं जातं, आणि रिस्टार्टला अदलाबदल होते. नवं नीट उठलं नाही, तर फोन जुन्यावर परत येतो. तरी फोटो आधी कुठेतरी उतरवून ठेव, चार्जर लावून रात्री वायफायवर टाक. आणि अपडेट फक्त सेटिंगमधून. व्हॉट्सॲपवर कुणी 'अपडेटची लिंक' पाठवली, अगदी मी पाठवली, तरी उघडू नकोस.

तुझ्या फोनला १६ मिळतंय, तू भाग्यवान आहेस. काकूंचा फोन १२ वर थांबलाय, मी मागच्या आठवड्यात बघितलं. त्यांना तो बदलायचा नाही, कारण काकांनी घेऊन दिलेला आहे. मी आग्रह केला नाही. पण भावा, त्यांचं पेन्शन त्याच फोनवर येतं. एक मार्ग सुचतोय. जुना फोन फोटो आणि गाण्यांसाठी त्यांच्याकडेच राहू दे, आणि बँकेचं सिम नव्या फोनमध्ये घालू. तू बोल त्यांच्याशी, तुझं ऐकतील. नवा घेताना किती वर्षं अपडेट मिळणार, हे दुकानात आधी विचारायचं. काही कंपन्या वरच्या मॉडेलना आता सात वर्षांचं वचन देतात. काकूंना तेवढा महाग फोन नकोच, पण चार-पाच वर्षांचा तरी बघू. घ्यायला मी जातो त्यांच्याबरोबर.

इकडे गुऱ्हाळं सुरू झालीत. डिसेंबरात आलास तर काकवी बाटलीत भरून ठेवतो.

आणि हो, अनोळखी नंबरवरच फोन अडवतो हे कळल्यापासून अण्णा रोज दुपारी जुनी डायरी घेऊन बसतात आणि एकेकाचा नंबर मराठीत सेव्ह करतात. अडत दुकानातले हमालसुद्धा झाले. तुझा नवा नंबर त्यांनी काल माझ्याकडून उतरवून घेतला, पण शेवटचे दोन आकडे आपण बरोबर लिहिले का याची त्यांना खात्री वाटत नाही. तेव्हा आज संध्याकाळी त्यांना एक फोन कर. उचलतील.

तुझाच,
पेठेतला मित्र