मामा, तुम्ही मला खुळ्यात काढलं नाही

मामांना सप्रेम नमस्कार,

हे पत्र तुमचा पोरगा मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी गाडीखाली असाल आणि "मोठ्यानं वाच की" म्हणून ओरडाल. समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषयच बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २० व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. कॉलेजात असताना ही गाडी शेजारून गेली तरी आम्ही सायकली थांबवून बघायचो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एक २००५ची सापडली आणि मी ३ लाख ४० हजार मोजले. मालक म्हणाले, घरगुती वापर, एक रुपयाचं काम नाही. मी शहाण्यासारखे कागद तपासले. आरसीची वाढलेली मुदत बघितली, विमा बघितला, २९ नंबर आणि ३० नंबरच्या फॉर्मवरच्या सह्या ताडून पाहिल्या. बॉनेट उघडून मात्र फक्त "वा!" म्हणालो. इंजिन चकचकीत पुसलेलं होतं.

तिसऱ्याच आठवड्यात कोल्हापूरला यायला निघालो. खंबाटकीच्या चढाला गाडीनं दम टाकला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, ओढ नाही, आणि आरशात निळा धूर. तासवडे टोलनाक्याच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा तेलाच्या किटलीचा लाल दिवा, म्हणजे तेलाचा दाब घसरल्याचा इशारा, लुकलुकायला लागला. तिथून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तुमच्या गॅरेजपर्यंत टोचन. वाटेत मालकांना फोन केला. "तुम्ही चालवून बघितली होती ना?" एवढं बोलून त्यांनी ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही. पुण्यातल्या एका गॅरेजनं फोनवरच निकाल दिला, इंजिन बदला, तीन लाखांच्या पुढे.

तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाहीत. म्हणालात, "चावी फिरवा. स्टार्ट करू नका." बोर्डावरचे दिवे लागले. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "इंजिनचा दिवा लागंना की ओ."

मला कळलंच नाही. दिवा लागत नाही म्हणजे चांगलंच की! मग तुम्ही समजावलंत. चावी फिरवली की तो पिवळा दिवा आधी लागला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. अर्ध्या तासात मीटर बाहेर काढून उघडलात. दिव्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा चौकोन, कात्रीनं नीट कापलेला. तो तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. काही बोलला नाहीत. मला फसवणारा माणूस इतका टापटिपीचा होता, याचाच मला जास्त राग आला.

मग चेंबर, इंजिनच्या तळाची तेलाची टाकी. बाहेरून एम-सील फासलेलं, आतून तेल सुटलं ते काकवीसारखं. तुम्ही बोटावर घेऊन घासलंत. "ट्वेंटी-फिफ्टी ओतलंय." मला सकाळी थंड गाडी का दाखवली होती, ते तेव्हा उलगडलं. ट्वेंटी-फिफ्टीसारखं जाड तेल थंड असताना दाब भरपूर दाखवतं, बेरिंगचा आवाजही दबतो. घाटात तापून पातळ झालं की सगळं उघडं पडतं. तेल ओढणाऱ्या पाइपची जाळी तर काळ्या गाळानं इतकी भरली होती की पिनेनं टोचून भोकं शोधावी लागली. बेरिंगला तेल नाही, टर्बोला तेल नाही. टर्बोला तेल नेणारी नळी एक्झॉस्टच्या वरून जाते, ती आतून कोळसा झालेली. बूस्टच्या रबरी पाइपला चीर, वर चिकटपट्टी.

गॅरेजचा दर तासाला ठरतो असं मी समजत होतो. तुमच्याकडे प्रत्येक पार्ट मला खाली बसवून दाखवल्याशिवाय पुढचा नट फिरत नव्हता. कॉम्प्रेशन घेतलंत, म्हणजे सिलिंडरात दाब किती भरतो ते मोजलंत, चारही सिलिंडरांत दीडशेच्या आसपास. तिथं पहिल्यांदा हसलात. "ब्लॉक जिता हाय. इंजिन कशाला बदलताय?" खालून बिगएंडची बेरिंगं बदलली, टर्बोचा फक्त कोअर, तेलाची नळी नवी, टायमिंग बेल्ट आणि सोबत वॉटर पंप. जुन्या पंपाचा पंखा प्लास्टिकचा होता, शाफ्टवर सैल फिरत होता. तुम्ही धातूचा बसवलात. चेंबर नवा शोधला. आठ दिवस म्हणाला होतात, एकोणीस लागले. ही एक तक्रार राहू दे.

बिल झालं ९६,४००. जुने पार्ट पोत्यात भरून, तोंड बांधून डिकीत ठेवलेले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. अकराव्या दिवशी बाबा माझ्यासोबत आले होते, आठवतंय? साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. गाडी कितीला घेतली हे त्यांना ठाऊक होतं, काय निघालं हे नव्हतं. ते आत आले तेव्हा ती जाळी टेबलावर पडली होती. तुम्ही बोलता बोलता तिच्यावर फडकं टाकलंत आणि बाबांना कॉम्प्रेशनचे आकडे दाखवलेत. "पोरानं ब्लॉक चांगला उचललाय." खोटं एक अक्षर नव्हतं. बाबा घरी येईपर्यंत तेच वाक्य तीनदा बोलले. मालकांनी मला खुळ्यात काढलं होतं, पुण्याचं गॅरेज काढायच्या बेतात होतं, आणि तुम्हाला तर बसल्या जागी चार शेरे मारून टाळी घेता आली असती.

ट्रायलला जोतिबाच्या घाटात नेलंत. दुसऱ्या गिअरला वळण संपलं, टर्बोची शिट्टी परत ऐकू आली, आणि तुम्ही शेजारच्या सीटवर डोळे मिटून नुसतं ऐकत होता. वर पोचल्यावर मी सवयीनं चावी बंद करायला गेलो तर माझं मनगट धरलंत. "मिनिटभर चालू राहू दे. टर्बो निवू दे, नाहीतर नळीत परत कोळसा."

ते मिनिट मी आता रोज मोजतो. बायको सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार उघडून उभी असते आणि मी मीटरकडे बघत बसलेला असतो.

नवं तेल घातल्याला या महिन्यात ५,००० किलोमीटर पुरे होतायत. येत्या रविवारी सकाळी येतो. फाइव्ह-डब्ल्यू-फोर्टी तेलाचा डबा आणि फिल्टर मीच आणतोय, आणि यावेळी चहा मी सांगणार. बाबाही येणार आहेत, त्यांना ती जाळी दाखवायची आहे. मी सगळं सांगितलंय.

तुमचा,
लाल आरएसवाला