हेल्पलाइनवरच्या त्या मुलाचे आभार

गेल्या शुक्रवारी नातीच्या प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि घरातला कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायलाच तयार नव्हता. आदल्या दिवशी राउटर बदलला होता. मोबाईलवर वायफाय व्यवस्थित, पण तिची सगळी कागदपत्रं कॉम्प्युटरमध्ये. राउटर तीनदा बंद-चालू केला, केबल काढून पुन्हा लावली. काही उपयोग नाही.

शेवटी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलाने कॉम्प्युटरवर आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप करायला सांगितलं; त्याने कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता आकड्यांत दिसतो. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, आकडे धूसर दिसत होते. "काकू, घाई नाही. एकेक आकडा वाचा, मी थांबलोय," असं तो म्हणाला, आणि खरोखर थांबला. मी चुकीचं वाचलं तरी आवाज चढला नाही.

आकडे ऐकताच त्याला कळलं. कधीतरी कुणीतरी कॉम्प्युटरला कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, १९२.१६८.० ने सुरू होणारा. नवा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटत होता. दोघांची गाठ पडणारच कशी! पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय त्याने मला निवडायला लावला आणि पान उघडलं.

रात्री साडेनऊला त्याचाच फोन. "काकू, अर्ज गेला ना?" त्याची ड्यूटी तेव्हा संपली होती.

गेला रे बाळा. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते आहे. तुझे मनापासून आभार.