प्रत्येक ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे ‘संघर्ष’ नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत ‘संघर्ष’ हा शब्द अलीकडे इतक्या निरनिराळ्या जागी येऊ लागला आहे, की दोडामार्गातील हत्ती, समुद्रातील पर्ससीन जाळी, एखाद्या संचालकाच्या भावाला मिळालेला ठेका आणि पश्चिम आशियातील बॉम्बवर्षाव यांच्या बातम्या एकाच दिवशी त्याच शब्दाखाली वाचायला मिळतात. मूळ इंग्रजी मजकुरात या सर्व ठिकाणी ‘कॉन्फ्लिक्ट’ असतो आणि घाईच्या वेळी ‘संघर्ष’ हाच प्रतिशब्द हाताला लागतो, हे समजण्यासारखे आहे. मालवण तालुक्यात मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. त्या अनुभवावरून या शब्दाविषयी काही लिहावेसे वाटते.

‘कॉन्फ्लिक्ट’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘फ्लिगेरे’ म्हणजे आदळणे, प्रहार करणे. त्याला ‘एकत्र’ या अर्थाचा उपसर्ग लागून दोन गोष्टी एकमेकींवर आदळणे असा अर्थ झाला. आपला ‘संघर्ष’ मात्र ‘घृष्’ या धातूपासून आलेला, म्हणजे ‘घर्षणा’चा सख्खा भाऊ, त्यात आदळणे नाही, घासणे आहे. व्युत्पत्तीचा हा फरक सोडून दिला तरी चालेल, पण पुढे या दोन शब्दांना जे वळण लागले ते सोडून चालत नाही. मराठीत ‘संघर्ष’ या शब्दाला मान आहे. आंदोलनासाठी आपण ‘संघर्ष समिती’ स्थापन करतो आणि गरिबीतून शिकून मोठा झालेल्या माणसाविषयी ‘संघर्ष करून वर आला’ असे म्हणतो. इंग्रजीत ही छटा ‘स्ट्रगल’ या शब्दाकडे आहे. ‘कॉन्फ्लिक्ट’मध्ये गौरवही नाही आणि दोषही नाही, कोण चूक आणि कोण बरोबर हे न सांगता केवळ दोन बाजूंचे पटत नाही एवढेच तो नोंदवतो. त्याचे भाषांतर ‘संघर्ष’ केले की दोन्ही बाजूंना, त्यांनी कमावलेला नसताना, लढवय्याचा मान आपोआप मिळतो.

क्रियापद म्हणून तर हा शब्द भांडणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. नाम असताना आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर, हे विद्यार्थ्यांकडून घोकून घेणे सोपे होते. परंतु शेजाऱ्याशी भांडण झाले हे सांगण्यासाठी हे क्रियापद वापरायचे नसते, हे त्यांच्या गळी उतरवताना माझी दमछाक होत असे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, दोन बैठका एकाच वेळी येतात, जुना नियम आणि नवा नियम यांचा मेळ बसत नाही, अशा ठिकाणी इंग्रज ते वापरतो. मराठीत याला ‘विसंगती’ आहे, ‘परस्परविरोधी’ आहे आणि साधे ‘जुळत नाही’ही आहे.

कायद्यात मात्र ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केलेला आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. 1949 च्या जिनिव्हा करारांनी केवळ ‘युद्ध’ या शब्दावर भिस्त ठेवली नाही, कारण युद्ध पुकारलेच नाही असे म्हणून एखाद्या राष्ट्राला जखमी आणि युद्धकैदी यांच्याबाबतच्या जबाबदारीतून अंग काढून घेता आले असते. म्हणून घोषित युद्धाबरोबर अन्य कोणताही सशस्त्र संघर्ष त्यांच्या कक्षेत आणला गेला, मग त्यातील एक पक्ष युद्धस्थिती मान्य करो वा न करो. 1982 मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले तेव्हाही रीतसर युद्धघोषणा झाली नव्हती. 1999 च्या कारगिलच्या लढाईला इंग्रजीत अनेकदा ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हटले जाते. मराठी माणूस मात्र सरळ ‘कारगिल युद्ध’ म्हणतो, आणि ते मला योग्य वाटते.

खरा घोटाळा ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’साठी वापरल्या जाणाऱ्या ‘हितसंबंधांचा संघर्ष’ या शब्दप्रयोगाने होतो. निवृत्तीनंतर काही काळ मी आमच्या भागातील एका बागायतदार संस्थेच्या कागदपत्रांचे काम पाहत होतो. संचालकांकडून भरून घ्यायचा एक छापील नमुना वरून आला. त्यात ‘माझा संस्थेशी हितसंबंधांचा कोणताही संघर्ष नाही’ असे वाक्य होते. आमच्या एका संचालकांनी चष्मा कपाळावर चढवला, ते वाक्य दोनदा वाचले आणि म्हणाले, “माझो कोणाशीच काय संघर्ष नाय. खय सही करू ता सांगा.” त्यांनी सही केली आणि ती अगदी प्रामाणिक होती, कारण त्या गृहस्थांचे आयुष्यात कोणाशी वाजले असेल असे मलाही वाटत नाही. मग मी त्यांना साध्या शब्दांत विचारले, की संस्थेच्या व्यवहारात तुमचे किंवा घरच्या कोणाचे काही गुंतलेले आहे काय? त्यावर ते तत्काळ उत्तरले, “आसा ना. आंब्याच्यो पेटयो माझ्या भावाकडसूनच येतत.” त्यांनी काही लपवले नव्हते, विचारणाऱ्यानेच प्रश्न चुकीचा विचारला होता. ‘हितसंबंध गुंतलेला असणे’ किंवा ‘हितसंबंध आड येणे’ एवढे लिहिले असते तर भागले असते.

‘मानव-वन्यजीव संघर्ष’ याविषयीही माझी अशीच तक्रार आहे. माकडे शहाळी तोडून खाली टाकतात, हत्ती एका रात्रीत केळीची बाग तुडवतात. यात ‘लढा’ कोणी पुकारलेला नसतो, आणि बागायतदार या प्रकाराला ‘उपद्रव’ म्हणतो किंवा ‘नासाडी’. वनखात्याच्या अहवालात पारिभाषिक शब्द असू द्यावा, परंतु बातमीत कोणाचे काय गेले हे आधी यावे.

सर्वांत अधिक खटकतो तो समुद्रावरचा ‘संघर्ष’. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) आणि गिलनेट (पाण्यात उभे सोडायचे जाळे) यांवर पोट असलेला मच्छीमार एका बाजूला आणि माशांचा थवाच मोठ्या जाळ्याने वेढून घेणाऱ्या पर्ससीन नौका दुसऱ्या बाजूला, या प्रश्नात हद्द, हंगाम, परवाने यांबाबत दोन्हीकडे म्हणणे असू शकते, आणि तिथे ‘वाद’ हा शब्द पुरेसा आहे. पण एलईडी दिव्यांच्या झगमगाटात केलेली मासेमारी केंद्र सरकारने 2017 मध्येच बंद केली आहे. ती करणारी नौका किनाऱ्यावरच्यांनी अडवली, तर त्या बातमीला ‘मच्छीमारांच्या दोन गटांत संघर्ष’ असा मथळा देणे म्हणजे नियम मोडणारा आणि नियम पाळा म्हणणारा यांना एकाच होडीत बसवणे होय. इंग्रजी वार्ताहराने ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहिले तर निदान तो शब्द कोणाचीच बाजू घेत नाही, एवढा बचाव त्याला करता येईल. आपल्या शब्दाला तोही नाही.

शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू केली, तेव्हा ‘तंटा’ म्हणजे काय असे कोणत्या गावात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. बांधाचा, पाणंदीचा, गडग्याचा तंटा, वाटणीवरून भाऊबंदकी, राजकीय पक्षांतील बेबनाव, दोन वाड्यांमधील तेढ, सीमेवरची चकमक, मनातले द्वंद्व. यांतील प्रत्येक शब्द नेमके काय घडले ते सांगतो. नाट्यसमीक्षेत आणि कामगार चळवळीत ‘संघर्ष’ रुळलेला आहे, तिथे त्याला हात लावण्याचे कारण नाही.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा वार्ताहरांनी किमान मासेमारीच्या बातम्यांत, नौका कोणाची होती, ती किती वाव खोल पाण्यात होती आणि दिवे लावलेले होते की नव्हते, हे पाहून मथळा द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग